सुरक्षित फोन की न्याय्य फोन? स्मार्टफोन निवडताना दोन्हींचा मेळ कसा घालावा

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यात जवळा बाजार हे गाव आहे. आजूबाजूची शेती मुख्यतः सोयाबीन आणि हळदीची. अशा गावात स्मार्टफोन आता केवळ करमणुकीचे साधन राहिलेला नाही. ई-पीक पाहणीसाठी बांधावर उभे राहून पिकाचा फोटो काढायचा तर फोन लागतो. पीक विम्याचा मेसेज, आधारचा ओटीपी, बँकेचा व्यवहार, मुलांच्या शाळेचा ग्रुप हे सगळे त्याच फोनवर येते. अनेक घरांत असा फोन एकच असतो आणि तो चार जण वापरतात. तो चुकीच्या हाती गेला तर हंगामाचे पैसे जाऊ शकतात.

याच फोनची दुसरी बाजू आपल्याला दिसत नाही. त्याच्या बॅटरीतला कोबाल्ट आफ्रिकेतल्या एखाद्या खाणीतून आलेला असतो आणि त्याची जुळणी हजारो कामगारांनी पाळ्यांमध्ये केलेली असते. त्या खाणीत लहान मुले राबली का, त्या कामगारांना पुरेसा पगार आणि धड जेवण मिळाले का, हे प्रश्नही त्या फोनशी जोडलेले आहेत.

मग आपली माहिती सुरक्षित ठेवणारा आणि बनवणाऱ्यांवर अन्याय न करणारा असा एकच फोन मिळू शकतो का? या लेखात त्याचे उत्तर शोधू.

थोडक्यात

- दोन्ही निकषांवर पूर्ण उतरणारा फोन आज भारतीय बाजारात नाही.
- मात्र दोन्हींना उपयोगी पडणारी एक गोष्ट आहे. ती म्हणजे सुरक्षा-अपडेट मिळण्याची मुदत.
- जास्त वर्षे अपडेट मिळणारा फोन जास्त काळ सुरक्षित राहतो आणि नवा फोन घेण्याची वेळ लांबते.
- बाकीचे बरेचसे आपल्या वापरावर, दुरुस्तीवर आणि जुना फोन कुठे देतो यावर अवलंबून आहे.

तीन शब्द, तीन वेगळे अर्थ

सुरक्षितता, खासगीपणा आणि न्याय्य उत्पादन हे शब्द अनेकदा एकत्र वापरले जातात. त्यांचे अर्थ मात्र वेगळे आहेत.

सुरक्षितता म्हणजे परक्या माणसाला आपल्या फोनमध्ये शिरता न येणे. फोनच्या प्रणालीत चुका सापडत राहतात. कंपनी त्या दुरुस्त करून अपडेट पाठवते. अपडेट बंद झाले की नव्याने सापडलेल्या चुका तशाच उघड्या राहतात.

खासगीपणा म्हणजे आपली कोणती माहिती कोणाकडे जाते यावर आपला ताबा असणे. चोराला शिरता येत नसलेला फोनही आपले ठिकाण, संपर्क आणि सवयी जाहिरात कंपन्यांना देत असू शकतो. म्हणजे फोन सुरक्षित असला तरी खासगी असेलच असे नाही.

न्याय्य उत्पादन म्हणजे खाणीपासून कारखान्यापर्यंत राबणाऱ्या माणसांना सुरक्षित काम आणि पुरेसा मोबदला मिळणे, मुलांना कामाला न जुंपणे, आणि माती-पाण्याची नासाडी कमीत कमी होणे.

फोन कुठून येतो?

लिथियम बॅटरीत कोबाल्ट लागतो. जगात खाणीतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी सुमारे ७० टक्के किंवा त्याहून अधिक कोबाल्ट काँगो लोकशाही प्रजासत्ताक या एकाच देशातून येतो. तिथे मोठ्या यांत्रिक खाणी आहेत. त्यांच्या जोडीला हाताने खणून चालवलेल्या खाणीही आहेत. जानेवारी २०१६ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनल आणि आफ्रीवॉच या संस्थांनी एक अहवाल प्रसिद्ध केला. अशा हातखाणींवर मुले काम करतात आणि तिथला कोबाल्ट व्यापाऱ्यांमार्फत मोठ्या कंपन्यांच्या बॅटऱ्यांपर्यंत पोहोचतो, असे त्यात दाखवले होते.

फोनमधल्या बारीक कपॅसिटरसाठी टँटलम लागते. ते कोल्टन या खनिजातून निघते. काँगोच्या पूर्व भागातले रुबाया हे कोल्टनचे मोठे केंद्र. एप्रिल २०२४ मध्ये ते एम-२३ या बंडखोर गटाच्या ताब्यात गेले. खनिजाच्या पैशावर लढाई चालू राहते, म्हणून टँटलम, कथील, टंगस्टन आणि सोने यांना संघर्ष-खनिजे म्हणतात. अमेरिकेने २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यात कंपन्यांना या खनिजांचा उगम तपासून जाहीर करायला सांगितले. युरोपीय संघाचा असाच नियम १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला.

कारखान्यांचे प्रश्न तर आपल्या देशातलेच आहेत. डिसेंबर २०२० मध्ये कर्नाटकात कोलारजवळच्या नरसापूर येथे आयफोनची जुळणी करणाऱ्या विस्ट्रॉनच्या कारखान्यात पगाराच्या तक्रारींवरून कामगारांचा उद्रेक झाला. डिसेंबर २०२१ मध्ये तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूर येथील फॉक्सकॉनच्या महिला कामगारांच्या वसतिगृहात अडीचशेहून अधिक जणींना अन्नातून विषबाधा झाली. महिला रस्त्यावर उतरल्या आणि कारखाना काही दिवस बंद राहिला. दोन्ही वेळा ॲपलने संबंधित कारखान्याला देखरेखीखाली ठेवले. ‘मेड इन इंडिया’ असे लिहिले म्हणजे कामगारांचा प्रश्न सुटला असे समजता येत नाही. महाग फोनाच्या बाबतीतही तसे समजता येत नाही.

स्वस्त फोनाची उरलेली किंमत कोण देते?

फोन फार स्वस्त मिळतो तेव्हा कोणीतरी उरलेली किंमत देत असते. कधी ती कमी मजुरीतून निघते, कधी घेणाऱ्याच्या माहितीतून.

नोव्हेंबर २०१६ मध्ये अमेरिकेतल्या क्रिप्टोवायर या सुरक्षा कंपनीने एक गोष्ट उघडकीला आणली. ब्लू या ब्रँडच्या काही स्वस्त फोनांमध्ये अडअप्स नावाच्या चिनी कंपनीची प्रणाली होती. ती वापरणाऱ्याला न विचारता त्याचे मेसेज आणि कॉलची माहिती चीनमधल्या सर्व्हरकडे पाठवत होती. २०१९ मध्ये गूगलनेही असाच एक प्रकार मान्य केला. काही अँड्रॉइड फोनांमध्ये ट्रायडा नावाचे घातक सॉफ्टवेअर कारखान्यातून बाहेर पडण्याआधीच शिरले होते. फोन कंपनीने सॉफ्टवेअरचे काही काम बाहेरच्या पुरवठादाराला दिले होते आणि ते तिथून आत आले.

म्हणजे कंपनीला आपल्या पुरवठादारांची साखळी नीट माहीत नसेल तर खाणीतले मूल तिला दिसत नाही, आणि प्रणालीत घुसवलेली चोरीही दिसत नाही. न्याय्य उत्पादन आणि खासगीपणा हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, पण दोन्हींची सुरुवात एकाच ठिकाणी होते: फोन कोणाच्या हातून, कसा बनला हे कंपनीने तपासले का?

दोन्ही उद्दिष्टे कुठे एकमेकांना आडवी येतात?

पहिली अडचण नव्या फोनाची. न्याय्य उत्पादनासाठी सर्वाधिक ओळखली जाणारी कंपनी म्हणजे नेदरलँड्समधल्या ॲम्स्टरडॅमची फेअरफोन. तिचा पहिला फोन २०१३ मध्ये आला. ही कंपनी खनिजांचा उगम शोधते, कारखान्यातल्या कामगारांना पगाराशिवाय जास्तीची रक्कम देते आणि बॅटरी-डिस्प्ले घरी बदलता येईल असा फोन बनवते. २०१५ च्या फेअरफोन-२ ला तिने २०२३ पर्यंत अपडेट दिले. मात्र हा फोन भारतात अधिकृतपणे विकला जात नाही. शिवाय त्याला सुरक्षा-अपडेट उशिरा मिळतात, असा काही सुरक्षा-तज्ज्ञांचा आक्षेप आहे. याउलट गूगलच्या पिक्सेल फोनांत सुरक्षेसाठी वेगळी चिप असते आणि अपडेट लवकर येतात. कामगार आणि खनिजे यांच्या बाबतीत मात्र फेअरफोनसारखे काम हे त्यांचे मुख्य उद्दिष्ट नाही.

दुसरी अडचण जुन्या फोनाची. एका फोनामुळे त्याच्या आयुष्यात जेवढे कर्ब-उत्सर्जन होते, त्यातला मोठा वाटा तो बनतानाच होऊन गेलेला असतो. म्हणून आहे तो फोन जास्त वर्षे वापरणे हे पर्यावरण आणि खनिजे या दोन्हींसाठी चांगले. पण अपडेट बंद झालेल्या फोनावर बँकेचे व्यवहार चालू ठेवणे धोक्याचे. एक बाजू ‘फोन बदलू नका’ म्हणते, दुसरी ‘लगेच बदला’ म्हणते.

महाराष्ट्राला मिळालेला धडा: अंगणवाडीचे फोन

ही ओढाताण महाराष्ट्राने मोठ्या प्रमाणावर अनुभवली आहे. पोषण अभियानाखाली २०१९ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांना सरकारी स्मार्टफोन देण्यात आले. त्यांची संख्या लाखाच्या आसपास होती. गरोदर माता आणि बालके यांच्या नोंदी, मुलांची वजने, उंची ही माहिती त्यावर भरायची होती. फोनाची रॅम २ जीबी होती. थोड्याच काळात तक्रारी सुरू झाल्या: फोन तापतो, अडकतो, जागा पुरत नाही. हमीची मुदत संपल्यावर दुरुस्तीचा खर्च सेविकांवरच पडू लागला.

मार्च २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप आले. ते या फोनांवर नीट चालेना. त्यातली भाषाही इंग्रजी होती. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सेविकांनी हे फोन प्रकल्प कार्यालयांत जमा करून आंदोलन केले. पुढे फेब्रुवारी २०२३ च्या संपानंतर नवे फोन देण्याचे सरकारने मान्य केले.

दोन-अडीच वर्षांत लाखभर फोन निकामी ठरले. ते फोन बनवायला लागलेली खनिजे आणि श्रम यांचा उपयोग तेवढाच काळ झाला. काम सेविकांच्या स्वतःच्या फोनवर आले, की गावातल्या माता-बालकांची माहिती आणि घरचा खासगी वापर एकाच ठिकाणी येतो. फोन निवडताना तो किती वर्षे चालेल हा प्रश्न आधी विचारला नाही, तर खर्च, खासगीपणा आणि कचरा ही तिन्ही नुकसाने एकदमच होतात. घरासाठी फोन घेतानाही हेच लागू पडते.

मेळ कुठे बसतो? अपडेटच्या मुदतीत

अलीकडे एक चांगला बदल झाला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या पिक्सेल-८ ला गूगलने ७ वर्षांच्या अपडेटचे आश्वासन दिले. जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस-२४ ला तेवढीच मुदत दिली. हे महाग फोन झाले. पण त्याच वर्षी आलेल्या मध्यम किमतीच्या गॅलेक्सी ए-१६ फाइव्हजीला ६ वर्षांचे आश्वासन मिळाले. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून असा नियम आहे की, एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान ५ वर्षे अपडेट आणि ७ वर्षे सुटे भाग मिळाले पाहिजेत.

यातला हिशेब एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. एक फोन ९,००० रुपयांचा आहे आणि त्याला २ वर्षे अपडेट मिळतील. दुसरा १५,००० रुपयांचा आणि त्याला ६ वर्षे मिळतील. सहा वर्षे सुरक्षित राहायचे तर पहिल्या प्रकारचे तीन फोन घ्यावे लागतील. त्याचे २७,००० रुपये होतात. दुसऱ्याला मध्ये एकदा १,५०० रुपयांची बॅटरी टाकली तरी खर्च १६,५०० रुपये. तीन फोनांऐवजी एक फोन लागला, म्हणजे कोबाल्ट, टँटलम आणि श्रमही तेवढे वाचले.

अर्थात एकदम १५,००० रुपये काढणे प्रत्येक घराला शक्य नसते. अशा वेळी अपडेटची काही वर्षे शिल्लक असलेला वापरलेला फोन हा चांगला मार्ग आहे. त्यासाठी नवी खनिजे लागत नाहीत आणि पैसेही कमी लागतात.

फोन घेताना काय पाहावे?

१. अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळणार हे कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा. ही मुदत मॉडेल बाजारात आल्यापासून मोजतात, आपण घेतल्यापासून नाही. २०२२ मध्ये आलेला चार वर्षे अपडेटचा फोन २०२५ मध्ये घेतला, तर सुमारे वर्षभरच उरते.

२. प्रणालीचे अपडेट आणि सुरक्षा-अपडेट यांच्या मुदती वेगळ्या असतात. सुरक्षा-अपडेटची मुदत जास्त महत्त्वाची.

३. बॅटरी आणि डिस्प्ले आपल्या जवळच्या शहरात बदलून मिळतो का, हे विचारा. भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाचे ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाले. काही कंपन्यांच्या दुरुस्तीची माहिती तिथे मिळते.

४. वापरलेला फोन घेताना *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक पाहा आणि ‘संचार साथी’वर तपासा. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन तिथे कळतो. पावती घ्या.

५. कंपनी आपल्या पुरवठादारांची यादी आणि खनिजांचा अहवाल जाहीर करते का, हे पाहा. असा अहवाल म्हणजे सगळे ठीक असल्याचा पुरावा नव्हे. पण जी कंपनी काहीच सांगत नाही, तिला प्रश्न विचारायलाही जागा उरत नाही.

रोजच्या वापरात काय करावे?

फोन कितीही चांगला असला तरी खेड्यापाड्यांत पैसे बहुतेक वेळा फसव्या फाइलमुळे जातात. ‘पीएम किसान’चा हप्ता किंवा वाहनाच्या दंडाचे चलन असे सांगून व्हॉट्सॲपवर एपीके फाइल पाठवली जाते. ती उघडून ॲप बसवले की मेसेज आणि ओटीपी दुसऱ्याच्या हाती जातात. फाइल ओळखीच्या माणसाकडून किंवा गावच्या ग्रुपवर आली म्हणून ती खरी ठरत नाही. त्या माणसाचा फोनही आधीच ताब्यात गेलेला असू शकतो. ॲप नेहमी प्ले स्टोअरवरूनच घ्या.

ॲपला परवानगी देताना कामाशी संबंध जोडून पाहा. ई-पीक पाहणीला ठिकाण लागते, कारण फोटो कोणत्या शेतातला हे ठरवायचे असते. टॉर्चच्या ॲपला संपर्कांची यादी लागण्याचे कारण नाही. ठिकाणाची परवानगी ‘ॲप वापरताना फक्त’ इतकीच ठेवता येते.

घरात एकच फोन असेल तर बँक आणि यूपीआय ॲपना वेगळे कुलूप लावा. यूपीआयचा पिन आणि फोनचा पिन एकच ठेवू नका. मुलांच्या हाती फोन देताना अँड्रॉइडमधली ‘ॲप पिनिंग’ सोय वापरली तर उघडलेल्या ॲपच्या बाहेर जाता येत नाही. काही फोनांत पाहुण्यासाठी वेगळे खातेही करता येते.

पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर कळवा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढे जाण्याआधी रोखली जाण्याची शक्यता जास्त.

अपडेट संपलेल्या फोनाचे काय करावे?

असा फोन फेकू नका, पण त्याचे काम बदला. बँक, यूपीआय आणि आधारशी जोडलेले सिम त्यातून काढा. मग तो गाणी, रेडिओ, मुलांच्या अभ्यासाचे व्हिडिओ किंवा साध्या कॉलसाठी वापरता येतो. ज्या फोनातून पैसे जात नाहीत, तो जुना असण्याचा धोका बराच कमी.

काही जण जुन्या फोनवर लिनिएजओएससारखी मुक्त प्रणाली बसवतात. त्यामुळे नवे अपडेट मिळू शकतात. मात्र त्यासाठी फोनचे मूळ कुलूप उघडावे लागते, आणि मग काही बँकांची ॲप चालत नाहीत. माहितगार माणसासाठी हा मार्ग ठीक आहे, सगळ्यांसाठी नाही.

दुरुस्तीला किंवा भंगारात देताना

दुरुस्ती हा फोनचे आयुष्य वाढवण्याचा सर्वांत सोपा उपाय. पण दुकानदाराला फोनचा पिन सांगण्याआधी थांबा. सॅमसंगच्या अनेक फोनांत ‘मेंटेनन्स मोड’ आणि पिक्सेलमध्ये ‘रिपेअर मोड’ असतो. तो चालू केला की फोटो आणि मेसेज झाकले जातात आणि दुकानदाराला फोन तपासता येतो. ही सोय नसेल तर सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या, बँकेच्या ॲपमधून बाहेर पडा, आणि शक्य असेल तर समोर बसून काम करून घ्या.

फोन विकताना आधी गूगल खाते काढा, मग ‘फॅक्टरी रिसेट’ करा. नुसते फोटो पुसून भागत नाही.

बंद पडलेला फोन गावच्या फेरीवाल्या भंगारवाल्याला दिला तर तो बहुधा हातोडीने फोडला जातो आणि वायर जाळून धातू काढले जातात. त्या धुराचा त्रास तिथे काम करणाऱ्यांना होतो. म्हणजे फोनच्या सुरुवातीला खाणीत जो अन्याय होतो, तोच शेवटी भंगारात होतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार जुन्या उपकरणांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादक कंपनीवर आहे. म्हणून तालुक्याला किंवा जिल्ह्याला गेल्यावर कंपनीच्या सेवा केंद्रात जुना फोन घेतात का, हे विचारा. तो देईपर्यंत फुगलेली बॅटरी उन्हात किंवा चुलीजवळ ठेवू नका.

ग्राहकाच्या हाती किती, सरकारच्या हाती किती?

एका घराने विचार करून फोन घेतला म्हणून काँगोतली खाण बदलत नाही, हे खरे आहे. ती बदलण्यासाठी कायदे लागतात. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केला. पण फोनला किमान किती वर्षे अपडेट द्यावेत, याचे युरोपसारखे बंधन भारतात नाही. सरकार, शाळा किंवा सहकारी संस्था जेव्हा हजारोंच्या संख्येने फोन खरेदी करतात, तेव्हा निविदेत अपडेटची वर्षे आणि दुरुस्तीची अट घालणे त्यांना सहज शक्य आहे. अंगणवाडीच्या फोनांबाबत ही अट आधीच असती तर बराच खर्च आणि मनस्ताप वाचला असता.

आपल्या हाती जे आहे ते मात्र छोटे नाही. दुकानात फोन पाहताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, हे आपण विचारतोच. त्याच्या आधी ‘याला अपडेट कोणत्या वर्षापर्यंत?’ हे विचारायला सुरुवात करावी. गिऱ्हाइके हे विचारू लागली की दुकानदार ती माहिती ठेवू लागतो, आणि पुढे कंपनीलाही ती सांगावी लागते.